वालेंतीचा उजवा डोळा

मला गाडीतून बाहेर काढायला त्या दिवशी तीन माणसं लागली. बायको, मंगल कार्यालयाचा वॉचमन आणि ज्या बाळाच्या बारशाला आम्ही गेलो होतो त्या बाळाचा मामा. मामानं माझ्या काखेत हात घातले, वॉचमननं पाय धरले आणि आमची सुमेधा सूचना देत होती.

"डोकं सांभाळा, डोकं. अहो, गाडीचं छत राहू दे, ह्यांचं डोकं सांभाळा."

बाहेर आलो तेव्हा मी काटकोनात होतो. कंबर सरळ व्हायचं नावच घेईना. आत पाळणा म्हणणाऱ्या बायका गाणं अर्धवट टाकून खिडकीशी आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "अगंबाई, हे तर आपले दातांचे डॉक्टर." मी तसाच वाकलेल्या अवस्थेत सगळ्यांना नमस्कार केला.

परत जाताना सुमेधानं गाडी चालवली. शाहूपुरीत सिग्नलला तिनं गाडी थांबवली. मग शांतपणे म्हणाली, "एक तर ही गाडी राहील, नाही तर मी."

हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकत होतो. पण इतके दिवस ती ते ओरडून म्हणायची. शांतपणे म्हणाल्यावर मी घाबरलो.

गाडी म्हणजे वालेंती. इटालियन, लाल, दोन दारांची, दोनच सीटची, छत मागे सरकवता येणारी, रस्त्यापासून वीतभर उंच. एका साखर कारखान्याच्या चेअरमनच्या मुलानं हौसेनं आणली होती. त्याची हौस फिटल्यावर मी घेतली आणि माझी सुरू झाली. कोल्हापुरात तशी दुसरी नव्हती. तिचे हेडलाइट बॉनेटच्या आत झाकलेले असत, बटण दाबलं की वर यायचे. म्हणजे डावा यायचा. उजवा अकरा वर्षांत एकदाही आला नाही. राजारामपुरीतली पोरं म्हणायची, डॉक्टरांची गाडी डोळा मारते. माझ्या दवाखान्याचा पत्ताही लोक तसाच सांगत.

तिचा एखादा पार्ट हवा असला तर इटलीहून यायला सहा महिने लागायचे. उद्यमनगरातला दस्तगीर मिस्त्री तो संध्याकाळपर्यंत करून द्यायचा. पाण्याच्या पंपाचं झाकण त्यानं शेजारच्या फाउंड्रीत ओतून घेतलं होतं. एक पट्टा रसवंतीच्या मशीनचा होता. एक गॅस्केट चपलेच्या चामड्याचं कापलेलं होतं, तेही अस्सल कोल्हापुरी. इंजिन तापलं की मोची बसतो त्या कोपऱ्यासारखा वास यायचा.

गुरुवारी दुपारी माझा दवाखाना बंद. दर गुरुवारी मी गाडी घेऊन दस्तगीर मिस्त्रीकडे जायचो. काही ना काही निघालेलं असायचंच. तो गाडीखाली, मी आडव्या टाकलेल्या टायरवर, मधे दोन कप चहा. कुस्त्या, महापालिका, त्याच्या लेकीचं सासर, माझी कंबर, सगळं व्हायचं. माझा मुलगा कॅनडाला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मिस्त्रीनं माझ्या हातात बॅटरी दिली आणि तीन तास मला गाडीच्या पोटात उजेड पाडायला लावला. तेवढ्यानं मला बरं वाटलं.

आणि आमचा ठरलेला विषय म्हणजे राइनरला नावं ठेवणं. राइनर ही जर्मन गाडी. वालेंतीवाल्यांचा आणि राइनरवाल्यांचा जगभर उभा दावा. कोल्हापुरात वालेंतीवाला मी एकटा, त्यामुळे सगळ्या जगाच्या वतीनं मलाच बोलावं लागायचं.

"राइनर म्हणजे धुण्याचं मशीन हो," मी म्हणायचो. "बटण दाबायचं आणि पेपर वाचत बसायचं."

"आन् बॉनेट उघडलं की वर प्लास्टिकचं झाकण," मिस्त्री गाडीखालून म्हणायचा. "मिस्त्रीनं काय त्यात आपलं तोंड बगायचं?"

अकरा वर्षं आम्ही हे तेवढ्याच चवीनं बोललो.

बारशानंतर दोन दिवसांनी मी सांगलीला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला पालथं घातलं, दोन ठिकाणी दाबलं आणि म्हणाले, "गाडी कुठली आहे?" मी सांगितली. ते म्हणाले, "मग कंबर बिचारी काय करणार? गाडी बदला."

"बदलून कुठली घेऊ?"

"माझी आहे की. द्यायचीच आहे. चला, दाखवतो."

तपासणीला पाच मिनिटं लागली, गाडी दाखवायला चाळीस. मागच्या पोर्चमध्ये चंदेरी रंगाची राइनर उभी होती. नऊ वर्षांची, पण एक ओरखडा नाही. मी तोंड वाकडं करून दार उघडलं. आत बसलो. आणि मग उठलो. कुणी हात दिला नाही, कुणी पाय धरले नाहीत, मी आपला आपण उठून उभा राहिलो. पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, पण पितृपंधरवडा चालू आहे," सुमेधा फोनवर म्हणाली. "आत्ता कुणी गाडी घेतं का?"

"कुणी घेत नाही म्हणून तर ते मला देतायत."

"घ्या मग. पण घटस्थापनेपर्यंत कुणाला सांगायचं नाही."

हे मला फार सोयीचं पडलं. कारण सगळ्या जगाला सांगायची माझी तयारी होती, फक्त एका माणसाला सांगायची हिंमत नव्हती. मी एकदा न्हावी बदलला होता. त्या न्हाव्याच्या गल्लीतून मी अजून जात नाही. न्हावी तर महिन्यातून एकदाच भेटायचा.

वालेंतीला चारच दिवसांत गिऱ्हाईक मिळालं. जयसिंगपूरचे शीतल मगदूम. गोल चेहऱ्याचा, पांढरी टोपी घालणारा हसरा माणूस. मंडप, बँड, घोडा असा सगळा लग्नाचा व्यवसाय. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होणार होता, आणि नवरदेवांना आता घोडा नको, उघडी गाडी हवी होती. वालेंती त्यांच्या गोदामात घोड्याशेजारी जाऊन उभी राहिली. मी तिच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि सुमेधाला म्हणालो, "चल, ऊन लागतंय." ऊन नव्हतं.

पहिल्या गुरुवारी मी मिस्त्रीकडे गेलो नाही. दुसऱ्या गुरुवारीही नाही. तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी फोन आला.

"डॉक्टर, जित्तं हायसा न्हवं?"

"पाठ धरलीय मिस्त्री. गाडी चालवायला बंदी आहे."

"आन् पोरगी कशी हाय?" वालेंतीला तो पोरगी म्हणायचा.

"बरी आहे. झाकून ठेवलीय."

"झाकून ठेवा. धुरळा लई उडतोय." मग त्यानं विचारलं, "खंडेनवमीला आणताय न्हवं?"

"म्हणजे काय? आणणारच की."

फोन ठेवला तर सुमेधा दारात उभी. "काय आणणार आहात तुम्ही?" तिनं विचारलं.

खंडेनवमीचं असं होतं. मिस्त्रीचं गॅरेज मुळात त्याला काम शिकवणाऱ्या सुतार वस्तादांचं. ते गेले, गॅरेज दस्तगीरकडे आलं, पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा करायची ही वस्तादांची रीत त्यानं मोडली नाही. पोत्यावर सगळे पाने, हातोड्या, जॅक मांडायचे, हळदकुंकू, झेंडूच्या माळा. आणि दारात, मानाच्या जागी, माझी वालेंती. पहिला नारळ मी फोडायचा. अकरा वर्षांत मी एकही खंडेनवमी चुकवली नव्हती. एकदा तर ताप अंगात घेऊन गेलो होतो.

"सरळ सांगून टाका ना," सुमेधा म्हणाली. "गाडी विकली, कंबरेसाठी विकली. त्यात काय चोरी आहे?"

"सांगणार आहे. पण सणाला नको. पूजा होऊ दे, मग सांगतो."

"आणि पूजेला गाडी कुठून आणणार?"

मी मगदुमांना फोन लावला. वाटलं, हा माणूस मला वेड्यात काढणार. पण ते "थांबा, सांगतो" म्हणाले आणि दहा मिनिटांत उलट फोन करून म्हणाले, "एक दिवसच पायजे न्हवं? तुमचीच गाडी हाय की. अष्टमीला या आन् घेऊन जावा." कशाला हवी हेही त्यांनी विचारलं नाही. भला माणूस, मी मनात म्हटलं.

अष्टमीला सकाळी सुमेधानं मला राइनरमधून जयसिंगपूरला सोडलं. राइनर ती लोण्यातून सुरी फिरावी तशी चालवायची आणि सारखं म्हणायची, "किती गुणाची आहे." गोदामाच्या दारात वालेंती उभी होती. मी बघतच राहिलो. लाल गाडी गुलाबी झाली होती.

"परवा तालमीच्या पोरानं कुस्ती मारली," मगदूम म्हणाले. "मिरवणूक काढली गावातनं. छत उघडून आत उभारला गडी. लई शोभून दिसला."

"पण गुलाल?"

"आता मिरवणूक म्हटल्यावर गुलाल येणारच की डॉक्टर."

मी स्वतःला आत ढकललं आणि किल्ली फिरवली. वालेंती सुरू करायची माझी एक पद्धत होती. पहिल्यांदा किल्ली फिरवायची, काही व्हायचं नाही. दुसऱ्यांदा फिरवायची, ती खोकायची. मग मी तिच्याशी दोन शब्द गोड बोलायचो आणि तिसऱ्यांदा फिरवायचो. त्या दिवशी ती पहिल्याच किल्लीला सुरू झाली. आवाज असा की अंगावर काटा आला. मला शंका आली म्हणून मी हेडलाइटचं बटण दाबलं. डावा डोळा वर आला. आणि मग, अगदी सावकाश, उजवाही वर आला.

मी मगदुमांकडे वळलो. "हे कुणी केलं?"

"हाय एक मिस्त्री," मगदूम म्हणाले. "चांगला हाय." आणि माझ्या बुटांकडे बघत राहिले.

चाळीस किलोमीटर ती गात आली. मी मात्र जळत होतो. अकरा वर्षं माझ्याकडे हिनं नखरे केले आणि परक्याच्या घरी महिनाभरात गुणी झाली. शिवाय दुसरा विचार आला. दस्तगीर मिस्त्री बॉनेट उघडणार. त्याला एका नजरेत कळणार की दुसऱ्या कुणाचा तरी हात हिला लागलाय. गाडी विकल्याचं त्यानं एकवेळ पोटात घातलं असतं. पण मी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो असं त्याला वाटलं असतं तर आमचं संपलंच असतं.

दुपारभर आम्ही गुलाल काढला. बाहेरचा पाण्यानं गेला. पण सीटच्या शिवणीतला, बटणांच्या फटीतला, हँडब्रेकच्या खाचेतला जाईना. शेवटी मी दवाखान्यातून दात साफ करायची हत्यारं आणली. आरसा लावून, वाकून, एकेक शिवण कोरून काढली. सुमेधा बॅटरी धरून उभी होती.

"चूळ भरायला पाणी आणू का हिला?" ती म्हणाली.

मी लक्ष दिलं नाही. शिवणी झाल्यावर फ्यूजचा डबा उघडला आणि उजव्या हेडलाइटचा फ्यूज ओढून काढला. बटण दाबलं. डावा वर आला, उजवा बंद. वालेंती पुन्हा डोळा मारायला लागली आणि माझ्या जिवात जीव आला.

"अहो, चांगलं चाललेलं बिघडवताय?"

"तुला नाही कळणार."

"तुम्हाला कळतंय तेवढं पुरे," असं म्हणून ती बॅटरी माझ्या हातात देऊन आत गेली.

खंडेनवमीला सकाळी गॅरेजसमोर मी गाडी लावली. कंबरेतून कळा येत होत्या, पण बाहेर येताना हसत आलो. सुमेधा राइनर घेऊन कोपऱ्यापलीकडे थांबणार, पूजा आटपली की मी वालेंती तिथवर नेऊन गाड्यांची अदलाबदल करणार आणि संध्याकाळी मगदूम घरून वालेंती घेऊन जाणार, असा सगळा बेत मी पक्का केला होता. पूजा झाल्यावर मिस्त्रीला खरं सांगायचं हेही त्या बेतात होतं, पण तो भाग तेवढा पक्का नव्हता.

दस्तगीर मिस्त्रीनं दाढी केली होती, पांढरा सदरा घातला होता. पोत्यावर पाने ओळीनं मांडलेले. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"लई चकाचक केलासा," तो म्हणाला.

"सण आहे म्हटलं."

त्यानं दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि ते पँटला पुसलं. "पाठ कशी हाय?"

"बरीच बरी आहे."

"एवढ्या लांबनं चालवत आलासा म्हणून इचारलं."

"लांबून कुठं? राजारामपुरीतून तर आलो."

"तेच म्हणतोय की," तो म्हणाला. त्यानं वालेंतीला झेंडूची माळ घातली, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली. मग कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "लाइट लावा बगू. पूजेला डोळं उघडं पायजेत."

मी कण्हत पुन्हा आत बसलो आणि बटण दाबलं. डावा वर आला.

"उजवा अजून तसाच हाय वाटतं."

"तसाच आहे. तुम्हाला तर माहीतच आहे मिस्त्री."

"माहीत हाय," तो म्हणाला आणि खिडकीतून हात आत घातला. तळवा वर. "फ्यूज द्या."

"कसला फ्यूज?"

"डॉक्टर, नारळ फोडायचाय, उशीर व्हायलाय. फ्यूज द्या."

सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी तो फ्यूज होता. मी काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यानं माझ्या गुडघ्यावरून वाकून तो जागेवर बसवला. वालेंतीचा उजवा डोळा वर आला.

मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि तिनं मला गाडीसकट पोटात घ्यावं. मी स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिलो.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तुमी इकलासा आन् तिसऱ्या दिवशी मगदूम ती टेम्पोत घालून हितंच घेऊन आला. कुठं नेणार दुसरीकडं? तिच्यात चप्पल हाय, रसवंती हाय. ते कुणाला उमगायचं?"

"म्हणजे त्या दिवशी फोनवर तुम्ही—"

"व्हय. पोरगी कशी हाय म्हणून इचारलं. ती माझ्यापुढंच उभी हुती. तुमी म्हणालासा, झाकून ठेवलीया." तो हसला नाही. "मगदुमानं मला इचारलं, डॉक्टर गाडी मागाय लागल्यात, देऊ का. मी म्हटलं, दे. बगू तरी काय करत्यात."

"मला वाटलं, तुम्ही रागवाल."

"रागावलो की. गाडी इकल्याचा राग न्हवं. माणसं गाड्या इकत्यातच. पण तीन गुरवार मी च्या दोन कप सांगितला. तीन गुरवार एक कप तसाच निवला."

मी म्हटलं, "चुकलं माझं मिस्त्री." तेवढंच खरं होतं.

तो माळेचं एक सुटलेलं फूल पुन्हा ओवायला लागला. मी त्या उजव्या दिव्याकडे बघत होतो. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मिस्त्री, हा दिवा अकरा वर्षं झाला नाही. मगदुमांना किती दिवसांत करून दिलात?"

"दोन."

"आणि पहिल्या किल्लीला सुरू होणं?"

"ते तर तासाभराचं काम."

"मग माझ्या वेळी काय झालं होतं?"

तो फूल ओवतच राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मगदुमाला घाई हुती."

"आणि मला?"

"तुमास्नी कुठं घाई हुती?"

मी टायरकडे बघितलं. तो नेहमीच्या जागी आडवा पडलेला होता, आणि त्याच्यावर स्वच्छ फडकं अंथरलेलं होतं.

तेवढ्यात हॉर्न वाजला. सुमेधाला कोपऱ्यावर थांबून कंटाळा आला होता. चंदेरी राइनर सरळ गॅरेजच्या दारात येऊन थांबली आणि ती पेढ्यांचा पुडा घेऊन उतरली. आमचे दोघांचे चेहरे बघून म्हणाली, "कळलं ना सगळं? मग बरं झालं. घ्या, पेढा घ्या दस्तगीरभाई. मी ह्यांना पहिल्या दिवसापासून सांगत होते."

"वहिनी, तुमचं ऐकलं असतं तर मला हे बगायला मिळालं नसतं," मिस्त्री म्हणाला, आणि महिनाभरात पहिल्यांदा मी त्याला हसताना ऐकलं.

नारळ मीच फोडला, वालेंतीपुढे, दरसालसारखा. मग मिस्त्री राइनरकडे वळला. दारात आलेल्या गाडीला पूजेवाचून पाठवायचं नाही ही वस्तादांची रीत होती. त्यानं बॉनेट उघडलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण, कडेपासून कडेपर्यंत. बोटावर कुंकू घेऊन तो इकडून तिकडं बघत राहिला. शेवटी काच धुवायच्या पाण्याचं झाकण सापडलं, त्यावर त्यानं बोट टेकवलं.

"हितं तेवढं उघडतंय," तो म्हणाला आणि बॉनेट लावून टाकलं. "गाडी चांगली हाय डॉक्टर. तुमच्या कंबरेला हीच पायजे. पण हिला हिकडं आणू नका. हिला कॉम्प्युटर लावायला लागतोय, मला त्यातलं काय कळत न्हाई."

रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

राइनरमधून मी ताठ बसून परत आलो. कंबर एकदाही बोलली नाही. गणपतीच्या देवळापाशी सुमेधा म्हणाली, "काय झालं हो? आता का तोंड एवढंसं केलंय?"

"गुरुवारी दुपारी मी काय करू?" मी म्हणालो. महिनाभर मी गाडीचं आणि कंबरेचं बोलत होतो. खरी भीती ही होती, आणि ती तोंडातून निघाली तेव्हाच मला कळली. सुमेधानं गिअर बदलला आणि तोच हात क्षणभर माझ्या हातावर ठेवला.

दसऱ्यानंतरचा गुरुवार आला. जेवून मी आडवा झालो. झोप येईना. पेपर दोनदा वाचला. राइनरकडे जाऊन बॉनेट उघडलं, झाकणाकडे बघितलं, लावून टाकलं. शेवटी काही नाही तर हत्यारं तरी उकळून ठेवू म्हणून खाली बंद दवाखान्यात जाऊन बसलो.

अडीच वाजता दार वाजलं. बाहेर दस्तगीर मिस्त्री उभा. तोच पांढरा सदरा, आणि उजव्या गालावर हात.

"दाढ दुखतीया," तो म्हणाला.

अकरा वर्षांत हा माणूस माझ्या खुर्चीत कधी बसला नव्हता. राखेनं दात घासणारा माणूस, खुर्चीची भीती वाटते म्हणायचा. मी त्याला बसवलं, दिवा ओढला, आरसा घेतला. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. एक कीड नाही, एक दात हलत नाही. पुस्तकात फोटो छापावा असं तोंड.

"कुठली दुखतेय?"

त्यानं बोट घातलं. "ही बगा, ही."

"ही डावीकडची आहे मिस्त्री. गाल तर तुम्ही उजवा धरला होता."

त्यानं थोडा विचार केला. "मग कळ फिरत असंल."

मी पुन्हा आरसा घातला. एकेका दाढेवर टकटक केली. त्यानं एकदाही हूं केलं नाही, डोळे मिटून छान पडून राहिला.

"लागंल का लई दिवस?" तोंड उघडं ठेवूनच त्यानं विचारलं.

"हे एका बैठकीत व्हायचं नाही," मी म्हणालो. मी आरसा पुसून ट्रेमध्ये ठेवला. "मुळापासून बघायला लागेल. दर गुरुवारी यावं लागेल."

"किती गुरवार?"

"ते आत्ताच कसं सांगू? बऱ्याच दिवसांचं जुनं दुखणं आहे."

"मग सावकाश करा," मिस्त्री म्हणाला. खुर्चीवरून उठला, पेशंटच्या बाकावर जाऊन पाय लांब करून बसला. "मला काय घाई न्हाई. च्या सांगा."

मी जिन्यात जाऊन वर हाक मारली. सुमेधा दोन कप घेऊन आधीच पायऱ्या उतरत होती.

ह्या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. वालेंती जयसिंगपूर भागात अजून नवरदेव मिरवते, मिस्त्रीचं गॅरेज त्याचा पुतण्या बघतो आणि राइनरला अजून कुणी पाना लावलेला नाही. काल गुरुवार होता. दाढ अजून दुखतेय.